जिंकलो तर गाणं कुणाचं

तोराहिकोनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला. सिमेंटची पायरी जुलैच्या उन्हात तव्यासारखी तापली होती. माणूस पंचाहत्तरीला टेकलेला, पण हटेल तर शपथ.

"हात भाजतील," कुमेको म्हणाली.

"भाजू देत. सुटे ठेवले की टाळ्या वाजवतात मेले."

खाली मैदानात शिमोनोच्या गेन्तानं शहराच्या शाळेचा आणखी एक गडी बाद केला होता. तीन चेंडू टाकले आणि तिन्ही वेळा समोरच्याची बॅट नुसती हवेतून फिरली. पुढच्या चार ओळी भरून बसलेल्या शिमोनोच्या बायका एका झटक्यात उठल्या आणि ओरडायचे निळे प्लास्टिकचे कर्णे एकमेकांवर बडवायला लागल्या. सगळ्यांत पुढे गेन्ताची आजी सुमिए. शिमोनोत पुलाजवळ तिचं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, दुकान आहे, आणि तिचा आवाज पुलाच्या दोन्ही टोकांना ऐकू जातो असं लोक म्हणतात. कुमेकोनं बोटांच्या टोकांनी दोन-तीन टाळ्या वाजवल्या.

"तू वाजव," तोराहिको म्हणाला. "तुला वाजवायलाच पाहिजे. कात्री तूच काढलीस."

"आलास मूळ पदावर? चौथा डाव संपेपर्यंत गप्प होतास, मला वाटलं आज तरी सुटले."

"एप्रिलपासून सांगतोय, ती बाई जन्मात कधी कागद काढायची नाही. मूठ वळूनच जन्मलीय ती. दगडच काढणार. आणि आमच्या अध्यक्षीणबाई काय काढतात? कात्री!"

झालं होतं ते अगदी तसंच.

कामिदानीची शाळा वर डोंगरात, शिमोनोची खाली नदीकाठी. पूर्वी दोन्ही शाळांचे संघ समोरासमोर आले की नदीवरच्या पुलावर मारामाऱ्या व्हायच्या. आता मारामारीला दोन्हीकडे पोरंच उरली नव्हती. बेसबॉलला नऊ जण लागतात. शिमोनोकडे आठ होते, कामिदानीकडे एक, कुवाबारांचा तेप्पेई. तो नसता तर शिमोनोला मैदानात पाऊल टाकता आलं नसतं, आणि ते नसते तर तेप्पेईनं शेवटचं वर्ष एकट्यानं भिंतीवर चेंडू मारत काढलं असतं. म्हणून दोन शाळांचा मिळून एक संघ झाला. आठ पोरांच्या छातीवर निळ्या अक्षरांत शिमोनो, आणि एकाच्या छातीवर तपकिरी अक्षरांत कामिदानी.

इथवर सगळं गोडीगुलाबीनं पार पडलं. घोडं अडलं ते गाण्याशी. उन्हाळ्याच्या या स्पर्धेत सामना जिंकला की पोरं एका रांगेत उभी राहतात, मैदानाच्या कर्ण्यावर त्यांच्या शाळेचं गाणं लागतं, आणि त्या बाजूचे सगळे लोक उभे राहून गातात. हरणाऱ्याचं गाणं लागत नाही. हरणारा ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. स्पर्धेच्या अर्जात गाण्यासाठी एकच चौकट होती. दोन्ही मुख्याध्यापकांनी आठवडाभर एकमेकांना वाकून नमस्कार केले, "तुमचंच असू दे", "छे छे, तुमचंच", आणि शेवटी ते लचांड माजी विद्यार्थ्यांच्या गळ्यात टाकून दोघं मोकळे झाले. कामिदानीच्या मंडळाची अध्यक्ष कुमेको होती, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. शिमोनोची सुमिए. दोघींनी समाजमंदिरात चहा घेतला, हवापाण्याचं बोलून झालं आणि मग दगड-कागद-कात्री खेळल्या. सुमिएनं दगड काढला. कुमेकोची दोन बोटं कात्रीसारखी उघडली होती ती तशीच राहिली.

त्या बोटांकडे ती अजूनही कधीकधी रागानं बघायची. कारण कामिदानीची शाळा येत्या मार्चमध्ये बंद होणार होती. उरलेली मुलं अकरा, सगळी शेवटच्या वर्षाची. पुढल्या उन्हाळ्यात कामिदानीच्या नावाचा सदरा घालायला कुणी असणार नव्हतं.

शाळेनं शेवटचा सामना जिंकला त्याला एकेचाळीस वर्षं झाली. त्या दिवशी कुमेको मैदानावर नव्हती. शाळेच्या फाटकासमोर तिचं पावाचं दुकान. पोरं हरून भुकेली परत येतील म्हणून ती बटाट्याचे वडे तळत बसली होती, आणि पोरं जिंकून आली. आल्या आल्या त्यांनी वडे फस्त केले आणि गाणं कसं झालं ते सांगितलं. तेव्हापासून तिनं एकही उन्हाळा चुकवला नाही. दर वर्षी तोराहिकोच्या गाडीतून यायचं, पहिल्याच सामन्यात हरायचं, उभं राहून दुसऱ्यांचं गाणं ऐकायचं आणि तोंड न उघडता घरी जायचं. तोराहिको शाळेची बस चालवायचा. निवृत्त झाला तरी ही एक फेरी त्यानं सोडली नव्हती.

"जिंकलो तर त्यांचं गाणं, हरलो तर गाणंच नाही," तोराहिको पुटपुटला. "सांग मला, मी वाजवू कशासाठी?"

"तेप्पेईसाठी वाजव."

"त्याच्याकडे चेंडू आला की वाजवीन."

पाचव्या डावात चेंडू त्याच्याकडे आला. तेप्पेई मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभा होता, अगदी दूर, जिथं सहसा काही घडत नाही. शहराच्या दोन गड्यांनी बेस गाठले होते. तिसऱ्यानं चेंडू उंच उडवला. कठीण काहीच नव्हतं. तेप्पेई दोन पावलं पुढे आला, थांबला, मग घाईघाईनं मागे धावायला लागला, आणि चेंडू त्याच्या हातमोज्याच्या काठाला लागून मागे गवतात पडला. दोन्ही गडी धावत चारही बेस पुरे करून 'घरी' आले. दोन-शून्य.

पलीकडच्या बाजूला शहरवाल्यांचा ऐंशी जणांचा वाद्यमेळा एकदम फुटला. तुताऱ्या, ढोल, नाचणाऱ्या पोरी, सगळं एकदम. कुमेकोनं डोळे मिटून घेतले. तोराहिकोनं हात बाहेर काढले आणि गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. वाडीत अस्वल उतरलंय का ते बघायला तो ती वापरायचा.

"रडतोय का?" कुमेकोनं डोळे न उघडता विचारलं.

"नाही. टोपी काढून वाकून नमस्कार करतोय. गेन्ताला, मग बाकीच्या सगळ्यांना. अरे पुरे की पोरा, किती वाकशील."

पुढच्या ओळींतून आवाज उठला. आधी सुमिएचा, मग सगळ्यांचा.

"डोन्माई! तेप्पेई, डोन्माई!"

मैदानावर कुणाची चूक झाली की आमच्याकडे हेच ओरडतात. असू दे, मनाला लावून घेऊ नको. आपल्या माणसाला म्हणतात. तोराहिकोच्या कपाळाची शीर उठली.

"ह्या कोण आमच्या पोराला असू दे म्हणणाऱ्या?"

"मग काय शिव्या द्यायच्या होत्या?"

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं."

सुमिए पायऱ्या चढून वर आली. हातात खारवलेल्या काकड्यांचा डबा आणि सातूच्या गार चहाचा थर्मास. घामानं तिची पावडर ओघळली होती.

"कुमेको-सान, घ्या. तोराहिको-सान, तुम्हीही. ऊन गेलं हो डोळ्यांत त्याच्या. आमच्या गेन्तालाही त्या कोपऱ्यात काही दिसत नाही."

"आमच्या पोराला उन्हाची सवय आहे," तोराहिको म्हणाला. "डोंगरात ऊन तुमच्या आधी येतं."

"आणि जातंही आमच्या आधी," सुमिए हसली. "काकडी घ्या."

तोराहिकोनं काकडी घेतली. कुमेकोनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला आणि मान लववली. एप्रिलपासून सुमिए तिच्याशी जरा जास्तच गोड वागत होती आणि कुमेकोला ते सोसत नव्हतं. जिंकलेल्या माणसानं थोडा तोरा दाखवावा, म्हणजे हरलेल्याला रागवायला जागा राहते. ही बाई तेवढीही जागा देत नव्हती.

सातव्या डावात वारं फिरलं. शिमोनोच्या एका बुटक्या पोरानं चेंडू जमिनीलगत मारला आणि जीव खाऊन पळत पहिला बेस गाठला. दुसऱ्याला चार चेंडू बाहेर पडले म्हणून फुकट बेस मिळाला. मग गेन्ता आला. पहिला चेंडू सोडला, दुसरा सोडला, आणि तिसरा असा हाणला की तो दोन गड्यांच्या मधून थेट कुंपणापर्यंत गेला. दोघंही घरी आले. दोन-दोन.

तोराहिकोचे हात आपसूक सुटले. एक टाळी वाजली, चांगली खणखणीत. मग त्यानं हातांकडे पाहिलं आणि ते परत मांड्यांखाली घातले.

"पाहिलं मी," कुमेको म्हणाली.

"डास होता."

आठव्या डावात एक जण बाद झाला होता आणि तो बुटका पोरगा तिसऱ्या बेसपर्यंत पोचला होता, घरापासून एक बेस दूर. खेळायला आला तेप्पेई. त्याचा क्रम नववा, सगळ्यांत शेवटचा. आज दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा चेंडूला बॅट न लावता परत गेला होता. शिमोनोच्या मास्तरांनी बाकावरून टोपीला हात लावला, मग पट्ट्याला, मग नाकाला. तेप्पेईनं मान हलवली.

"काय सांगितलं?" कुमेकोनं विचारलं.

"मला काय ठाऊक! नाकाला खाज सुटली असेल मास्तरांच्या."

चेंडू सुटला आणि त्याच क्षणी तिसऱ्या बेसवरचा पोरगा घराकडे पळत सुटला. तेप्पेईनं बॅट फिरवलीच नाही. ती आडवी धरली आणि चेंडू नुसता तिच्यावर टेकवून घेतला, टेबलावर काचेचा पेला ठेवावा इतक्या हळू. चेंडू चार हात घरंगळला आणि धुळीत बसला. शहराचा गडी तो उचलेपर्यंत बुटका पोरगा छातीवर घसरत घरी आला होता. तेप्पेई स्वतः पहिल्या बेसच्या दोन पावलं आधी बाद झाला, पण त्याचं कुणाला काय! तीन-दोन.

शिमोनोच्या चारही ओळी किंचाळल्या. कर्णे बडवण्याचा एक ताल धरला गेला आणि त्या तालावर नाव.

"तेप्पेई! तेप्पेई!"

एकेचाळीस वर्षांत या मैदानावर कामिदानीच्या पोराचं नाव इतक्या तोंडांनी कुणी घेतलं नव्हतं. आणि घेत कोण होतं, तर शिमोनोवाले. कुमेकोला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

सुमिए मागे वळून ओरडली, "कुमेको-सान! तुमचा मुलगा!"

"माझा नाही हो! कुवाबारांचा!"

"पण पाव तुमचेच खाऊन वाढलाय ना?"

"रोज दोन! नूडल्स भरलेले!"

"मग तुमचाच की!"

तोराहिको गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. हात मोकळे होते, पण वाजत नव्हते. "पोरानं कमाल केली," तो म्हणाला. "आणि आपण बसलोय त्यांच्या गाण्याची सोय करत."

नवव्या, शेवटच्या डावाला शहरवाल्यांनी ढोल आणखी मोठ्यानं सुरू केले. गेन्ताचा हात दमलेला दिसत होता. पहिला गडी बाद झाला. दुसऱ्यानं चेंडू मारून बेस घेतला, तिसऱ्याला फुकट मिळाला. चौथा बाद, पण त्या गडबडीत ते दोघे एकेक बेस पुढे सरकले. आता एक गडी तिसऱ्या बेसवर, एक दुसऱ्यावर. बाद करायचा उरला एक. तो झाला तर सामना जिंकला. चेंडू कुठं निसटला तर दोघं घरी येणार आणि पारडं फिरणार.

सुमिएनं कर्णा मांडीवर ठेवून हात जोडले होते.

चेंडू उडाला. उंच, फार उंच, आणि उजवीकडे. तेप्पेईकडे.

कुमेकोनं तो वर जाताना पाहिला, आणि चेंडू हवेत असताना तिच्या मनात जे आलं त्याबद्दल ती पुढे कधीच कुणाशी बोलली नाही. सुटला तर? सुटला तर आपल्या बाजूचं गाणंच वाजणार नाही. शिमोनोचंही नाही. या शेवटच्या वर्षी इथं शिमोनोचं गाणं उभं राहून ऐकावं लागणार नाही, आणि आपल्या हातून गेलं ते निदान शिमोनोलाही मिळालं नाही असं होईल.

दूर कोपऱ्यात तपकिरी अक्षरांचा सदरा दोन पावलं पुढे आला. थांबला. हातमोजा कपाळाशी आडवा धरून आकाशात शोधायला लागला. चेंडू त्याला दिसत नव्हता. हे तिला इतक्या लांबून कळलं, दुर्बीण न लावता.

"मागे!" कुमेको ओरडली. आपण कधी उभ्या राहिलो ते तिला कळलं नाही. "मागे ये, तेप्पेई! मागे! सोडू नको रे बाबा, सोडू नको!"

तिचं ऐकू जाण्याइतका तो जवळ नव्हता. पण तो मागे वळला आणि पळाला, वेडावाकडा, पाय पायांत अडकत. शेवटी पाठीवर पडता पडता त्यानं हातमोजा वर केला. तो गवतात पडला. पंच धावत त्याच्याजवळ गेला, वाकला. मग पडल्या पडल्या तेप्पेईनं हात वर केला. हातमोज्यात पांढरा चेंडू होता.

पुढचे काही क्षण कुणी कुणाला मिठी मारली ते सांगण्यात अर्थ नाही. सुमिए रडत होती. तिच्या शेजारच्या बाईचा कर्णा दोन तुकडे होऊन पडला होता. तोराहिको उभा राहून टाळ्या वाजवत होता, दोन्ही तळवे लालबुंद. कुमेकोनं त्याच्याकडे पाहिलं तशी तो म्हणाला, "चटका बसला म्हणून झटकतोय."

"झटक, झटक."

आपण ओरडलो ते 'सोडू नको'च ओरडलो, हे तिला आता आठवलं आणि जीव भांड्यात पडला. आधीचा तो विचार मात्र गेला नव्हता. तो काट्यासारखा आत कुठंतरी तसाच रुतून होता.

पोरं धावत आली आणि रांगेत उभी राहिली. मैदानाकडे तोंड, टोप्या छातीशी. आठ निळे, आणि टोकाला, आपल्या लोकांच्या बाजूला, तपकिरी अक्षरांचा एक. त्याच्या पाठीला गवत चिकटलं होतं. पलीकडे शहराची पोरं रडत उभी होती. मैदानाच्या कर्ण्यावरून बाईचा आवाज आला की विजयी संघाच्या शाळेचं गाणं आता लावण्यात येईल, आणि खरखर करत वाद्यांची सुरुवातीची धून सुरू झाली. शिमोनोचीच. कुमेकोला ती पाठ होती. शिमोनोनं कामिदानीला चार वेळा हरवलं होतं आणि चारही वेळा तिनं ती उभं राहून ऐकली होती.

शिमोनोच्या ओळी उभ्या राहिल्या. तोराहिको मात्र परत खाली बसला. कुमेकोनं त्याच्या खांद्याला स्पर्श केला.

"ऊठ. आपल्या संघाचं आहे."

"संघाचं आहे. शाळेचं नाही."

"तेप्पेई उभा आहे ना तिथं?"

तो उठला. टोपी काढली. डोकं टोपीच्या रेघेपर्यंत पांढरं आणि खाली करपलेलं.

*रुंद नदीच्या काठी*
*भात डोलते*

पोरं पाठीतून मागे वाकून, गळ्याच्या शिरा ताणून गात होती. जिंकल्यावर आमच्याकडे पोरं अशीच गातात. गातात कसली, आकाशावर ओरडतात. वर बायका गात होत्या. सुमिएचा आवाज सगळ्यांच्या वर. कुमेको ओठ मिटून उभी होती. एकेचाळिसाव्या उन्हाळ्यात काही निराळं होणार नव्हतं.

"आपलं पोर गातंय का गं?" तोराहिकोनं विचारलं आणि स्वतःच दुर्बीण लावली. "गातंय. चांगलं मोठ्यानं गातंय." थोडा वेळ तो बघत राहिला. "पण शब्द विसरलंय. इतरांचं तोंड मिटतं तेव्हा ह्याचं उघडं."

"आण इकडं."

तिनं दुर्बीण घेतली. तेप्पेईचा चेहरा बाजूनं एकदम जवळ आला, घामानं आणि मातीनं माखलेला. तो आकाशाकडे पाहून ओरडत होता. ओठ पुढे येऊन गोल झाले, मग फाकले. ती बघत राहिली. शाळेच्या फाटकासमोर अठ्ठेचाळीस वर्षं दुकान चालवलेल्या बाईला ते ओठ वाचायला आवाज लागत नव्हता. दर एप्रिलला शाळा सुरू होताना, दर मार्चला संपताना, प्रत्येक समारंभाला खिडक्यांतून ते गाणं तिच्या काउंटरवर येऊन पडलं होतं.

"विसरला नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"आत्ता 'डोंगर' म्हणाला तो."

"त्यांच्या गाण्यात कुठाय डोंगर? नुसतं पाणी नि भात आहे."

कुमेकोनं दुर्बीण खाली घेतली. तिनं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. कर्ण्यावर शिमोनोची चाल वाहत होती, आणि तिनं त्या चालीत हळूच आपले शब्द सोडले.

*धुक्यामागे डोंगर*
*जागा होतसे*

बसले. एकही अक्षर बाहेर राहिलं नाही, एकही कमी पडलं नाही. आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या शाळांची गाणी एकाच मापानं शिवलेली आहेत. आधी सात अक्षरं, मग पाच, परत सात, परत पाच. थोरल्याचा सदरा धाकट्याला यावा तसं एकाचं गाणं दुसऱ्याच्या चालीत जातं. इतकी वर्षं ती दोन्ही ऐकत आली होती, आणि हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या पोराच्या आलं होतं. केव्हा, कुठं, भिंतीवर चेंडू मारताना की शिमोनोच्या पोरांबरोबर सराव करताना, देव जाणे.

"तोराहिको," ती म्हणाली, "आपलं गाणं म्हण."

"ह्या चालीवर?"

"म्हण तर खरं. बसतं."

तोराहिकोनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याचा आवाज बसच्या जुन्या गिअरसारखा. एक ओळ त्यानं चाचपडत म्हटली, अक्षरं बोटांवर मोजत, आणि मग चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. तोवर ती गायला लागली होती. आधी बारीक, मग जरा मोठ्यानं. कडवं संपत आलं होतं, दोन ओळी उरल्या होत्या. पुढच्या चार ओळींतल्या बायका कर्णे उंचावून त्यांच्या शेवटाकडे निघाल्या होत्या, *पुढे चालू आपण, जय शिमोनो*, आणि त्याच सुरांवर, त्याच श्वासात, मागून दोन म्हातारे आवाज.

*आम्ही तुझी लेकरं*

सुमिएनं मागे वळून पाहिलं. तिच्या कानाला काहीतरी वेगळं लागलं होतं. तिनं कुमेकोच्या तोंडाकडे पाहिलं, ओठांकडे, आणि तिचा स्वतःचा सूर अर्ध्यावर लटकला. मग ती पुन्हा पुढे वळली. कर्णा खाली घेतला. गात राहिली, पण आवाज उतरवला, इतका की तिच्या बाजूच्या दोघी-तिघींनीही नकळत उतरवला.

*कामिदानी गे*

त्या मैदानात पहिल्यांदाच कुमेकोला गाताना स्वतःचा आवाज ऐकू आला.